दोन हिऱ्यांमधला कण

राहात्याहून परत आल्यापासून माझी नणंद शेवंता रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसते आणि विचारते, "वैनी, हिरं बघितलं का गं? केवढालं हुतं?" मी म्हणते, ज्वारीच्या दाण्याएवढे. त्यावर ती म्हणते, "मग येवढ्यासाठी येवढ्या लांब गेलीस व्हय?" बायका हसतात आणि माझं बोलणं तिथंच राहतं. मला चारचौघींत सांगता येत नाही, जीभ जड होते. लिहिताना मध्ये कुणी बोलत नाही, म्हणून वैशालीच्या एका जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लेकीची सगळी पुस्तकं तिच्या मागोमाग मीही वाचत आले, त्यामुळे अक्षराची भीती नाही.

वैशाली माझी थोरली. राहात्याजवळच्या एका कॉलेजात शिकवते आणि त्याच कॉलेजात पीएचडीचं काम करते. तिला पाच महिन्यांची मुलगी आहे, आम्ही तिला चिमी म्हणतो. जावई चाकणच्या कंपनीत, सुट्टीला येतात. तिच्या सासूबाई चिमीला सांभाळायच्या, पण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्या गावी गेल्या. त्याच वेळी वैशालीचा फोन आला.

"आई, मशीन मला ह्याच आठवड्यात मिळालंय. सोमवारपासून दुसऱ्या कॉलेजची मुलं येणार. बाळंतपणाआधी एक हिरा तडकला तेव्हा काम राहिलं. आता हे झालं नाही तर माझी मुदत संपते. इतक्या वर्षांचं सगळं वाया जाईल. चिमी बाटलीला तोंड लावत नाही. तू येशील का?"

मी म्हटलं, "येते." फोन ठेवल्यावर मग आठवलं, त्या बाजूला मी एकटी कधी गेले नव्हते.

जामखेड ते राहाता

जामखेडला एसटीत बसले तेव्हा अजून थंडी होती. पिशवीत बाजरीचं पीठ, हुलगे, चिमीसाठी तिळाचं तेल आणि घरी कुटलेली हळद. आष्टी, कडा गेलं, नगरला गाडी बदलली. राहुरी मागे पडली आणि जमीन बदलायला लागली. आमच्याकडे या दिवसांत माळ पिवळा होऊन पडलेला असतो. इथे दोन्ही बाजूंना ऊस, पाट भरून वाहतोय, आणि कोल्हारच्या पुढे रस्त्याच्या कडेला पेरूचे ढीग मांडून बसलेल्या बायका.

एका फडाच्या कडेला कोप्या दिसल्या. उसाच्या पाचटाच्या, कमरेत वाकून आत शिरायच्या. चौथीची परीक्षा दिली आणि आईबापाबरोबर मी याच बाजूला, पुणतांब्याकडे, तोडीला आले होते. पाचवीत नाव घालायचं राहून गेलं. पुढे लग्न झाल्यावरही काही हंगाम आले. वैशाली पाळण्यातली होती तेव्हा तिला अशाच एका कोपीत झोपवून मी मोळ्या बांधल्या. ती शाळेच्या वयाची झाली त्या हंगामाला मी नवऱ्याला सांगितलं, मी येणार नाही, पोरीला शाळेत घालणार. तेवढं एकच मी आयुष्यात मोठ्याने बोलले असेन. गाडी पुढे गेली, कोप्या दिसेनाशा झाल्या. शेजारच्या बाईने मला पेरूची फोड दिली, तिखट-मीठ लावून. असा गोड पेरू आमच्याकडे मिळत नाही.

मार्थाबाईंचं घर

वैशाली जिथे भाड्याने राहते ते घर मार्थाबाईंचं. त्या ख्रिस्ती, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. दारात उभी राहून मी पदर सावरतेय तोवर त्यांनी माझी पिशवी हातातून घेतली.

"हौसाताई ना तुमी? या आत. वैशाली म्हणाली, माझी आई लई लाजते. म्हटलं, काही काळजी न्हाई, मी दोघींचं बोलून घेईन."

आणि खरंच त्यांनी दोघींचं बोलून घेतलं. जेवायच्या आधी त्या हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना करत. घरातल्या माणसाशी बोलावं तसं देवाशी बोलत. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "हे प्रभू, या अन्नाला आशीर्वाद दे. हौसाताई लांबून आल्यात, त्यांची कंबर बरी ठेव. आणि वैशालीचा तो कण काय असेल तो मधोमध आण." आमच्यात देवाला एवढं सविस्तर कुणी सांगत नाही, नारळ ठेवतो आणि मनातलं त्याला कळतं असं धरून चालतो. मला त्यांची रीत आवडली.

एक गोष्ट मात्र सहन होईना. त्या भांडी घासताना नळ चालूच ठेवत. आमच्या वाडीला टँकर येतो. मी दोनदा गुपचूप उठून नळ बंद केला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "अहो ताई, पाट वाहतोय भरून." मी म्हटलं, "व्हय, पण वाहत्या पाण्याचा आवाज मला ऐकवत न्हाई." त्या हसल्या आणि मी होते तोवर बादलीत पाणी घेऊन भांडी घासली.

रोज सकाळी मी चिमीला तेल-हळदीने चोळत असे. पाय पसरून, पोरीला पायांवर घेऊन, डोक्यापासून तळव्यापर्यंत. मग डाळीचं पीठ आणि साय. चिमी पिवळीधमक होऊन हसत असे. वैशाली तिला पाजायची, गालाला गाल लावायची आणि कॉलेजला पळायची.

कॉलेज

कॉलेजच्या मागच्या बाजूला ती प्रयोगशाळा आहे. बाहेर ओटा आणि त्यावर सावली धरणारा मोठा कडुनिंब. दूध पाजायच्या वेळी मी चिमीला घेऊन तिथे जाऊन बसायची. आत जायचं मला धाडस नव्हतं, पण मंगळवारी वैशालीने हाताला धरून नेलं. तिचे सर तिथेच होते. माणूस चांगला, "या, या, आई" म्हणाले. मी खाली बघूनच नमस्कार केला.

मला वाटलं होतं, एवढा दाब द्यायचा म्हणजे कारखान्यासारखं धूड असेल. वैशालीने तळहातावर लोखंडाचा एक गोल डबा ठेवला. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढा.

"ह्यो?" मी म्हटलं.

"हाच. आत दोन हिरे हायेत, टोकाला टोक लावून. मधे पातळ पत्रा, पत्र्याला भोक, भोकात माझा कण. हे चार स्क्रू फिरवायचे. सुई अंगठ्यानं दाबली की गोधडीत शिरते ना? कारण टोक बारीक. तसंच. हाताचाच जोर, पण जमिनीखाली शेकडो किलोमीटर खोल असतो तेवढा दाब टोकावर होतो."

"आणि कणाचं काय व्हतं?"

तिने टेबलावरचा गॅसचा लायटर उचलून टक् केला. ठिणगी उडाली. म्हणाली, "ह्यात जो खडा असतो त्याच जातीचा माझा पदार्थ. सोनोग्राफीला पोटावर फिरवतात ना, त्यातही हाच. ह्याच्या आत बारीक बारीक डबे रचल्यासारखे असतात आणि प्रत्येक डब्यात एक अणू. समज, डब्यात एक लाडू हाय. तो मधोमध बसत न्हाई, एका अंगाला सरकून बसतो. सगळे लाडू एकाच अंगाला. म्हणून ह्या खड्याला एक बाजू अधिक, एक बाजू उणे. त्याची सगळी करामत त्या सरकण्यात हाय. आता डबा चारी बाजूंनी दाबला तर?"

"लाडवाला सरकायला जागा न्हाई राहायची."

"मधोमध येतो. करामत संपते. मला बघायचंय की किती दाबाला संपते, आणि दाब काढल्यावर लाडू पुन्हा सरकतो का. सरकला तर कधी. न्हाईतर तसाच मधे बसून राहतो का."

मी विचारलं, "आन् दिसतं कसं? डोळ्यानं?"

तिने दाखवलं. आठवड्यापुरत्या मिळालेल्या त्या मशीनमधून लेसरचा उजेड हिऱ्यातून आत सोडतात, तो कणाला लागून परत येतो आणि कॉम्प्युटरवर त्याची रेघ उमटते. रेघेला डोंगरासारखी टोकं. त्यातलं एक टोक लाडू सरकलेला असेल तरच दिसतं. भोकात शेजारी माणकाचाही एक कण ठेवलेला असतो, दाब किती झाला हे त्याच्या उजेडावरून कळतं. हिरे, माणिक, सगळं त्या झाकणात, आणि अंगावर घालण्यासारखं एकही नाही. शेवंताला हे कसं सांगणार.

बुधवारी तिला कण भरताना बघितलं. कण म्हणजे धूळच. दुर्बिणीसारख्या भिंगाखाली वाकून सुईच्या टोकाने उचलायचा आणि भोकात सोडायचा. सुईला कण चिकटेना की ती सुई गालावरून एकदा हलकेच फिरवायची. मला हसू आलं. गोधडी शिवताना सुई अडली की मी केसांतून फिरवते. लहानपणी ती माझ्या मांडीशी बसून हे बघायची. तिची सुई गालावर आली एवढाच फरक.

"सर रागवत न्हाईत?" मी विचारलं.

"सरच हसतात. म्हणतात, तुझ्या गालाचं तेल बाजारात मिळत न्हाई."

रेघेवरचं धुकं

गुरुवारी दुपारी मी चिमीला घेऊन गेले तेव्हा वैशाली बाहेर ओट्यावरच बसली होती. तोंड उतरलेलं. पोरीला घेतलं आणि पाजायला लागली. आतून सरांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने ते दारात आले.

"वैशाली, मला वाटतं पदार्थातच काहीतरी मिसळलंय. बनवतानाच. इतकी चमक येते आहे की टोकं दिसतच नाहीत. असं असेल तर इथे वेळ घालवण्यात अर्थ नाही. उरलेले दिवस मी त्या मुलांना आधीच देऊन टाकू का?"

"सर, आजच्या दिवस थांबा," ती म्हणाली. "मी हा पदार्थ चारदा तपासलाय. तो खराब न्हाई."

"मग चमक कशाची?"

घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "रेघेवर नुसतं धुकं हाय, आई. डोंगर हायेत, पण धुक्याखाली." मी तिचा हात धरून बसले. पदार्थ पुन्हा बनवायला महिने लागतात आणि तिच्याकडे महिने नव्हते, हे मला माहीत होतं.

घरी आल्यावर तिने तोंड धुतलं आणि खोलीत जाऊन पडली. मी हुलग्याचं माडगं ढवळत होते. तेवढ्यात न्हाणीघरातून मार्थाबाई ओरडल्या.

"ह्यो टॉवेल कुणी पिवळा केला? माझा पांढरा टॉवेल! आता नीळ घातली तरी निघायचा न्हाई."

मी घाबरून म्हटलं, "बाई, चिमीची हळद असंल. मी धुते."

"चिमी कशाला पुसते माझ्या टॉवेलाला तोंड? हे मोठ्या माणसाचं काम हाय."

वैशाली खोलीतून बाहेर आली. तिने टॉवेल हातात घेतला, उजेडात धरला आणि मग स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता रडते.

"आई," ती म्हणाली, "मी सुई गालाला लावते."

मी पळीसकट उभीच राहिले. सकाळी चिमीच्या अंगाची हळद तिच्या गालाला, गालाची सुईला, सुईची कणाला.

"नुसत्या कातडीच्या तेलानं एवढं काही होत न्हाई. पण हळद! हळद लेसरखाली दिव्यासारखी पेटते. माझा पदार्थ खराब न्हाई, आई. हळद चमकत हुती."

मी म्हटलं, "मी लावली गं हळद."

"तू लावली म्हणून पोरगी थंडीत खोकली न्हाई. सुई मी फिरवली," ती म्हणाली आणि फोन शोधायला लागली. मार्थाबाई म्हणाल्या, "म्हणजे माझा टॉवेल गेला ते बरंच झालं म्हणायचं?" आणि स्वतःच आधी हसल्या.

सर फोनवर मोठ्याने बोलत होते, ते मला ऐकू येत होतं. "डबा उघडून पुन्हा भरायचा म्हणजे उद्याची सकाळ गेली. हिरे पुन्हा जुळवताना दुसरा तडकला तर?"

"तडकणार न्हाई, सर. मी जुळवते."

"आणि मध्येच बाळाला घेतलंस तर पुन्हा तेच."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. ती म्हणाली, "बाळाला दिवसभर हात लावणार न्हाई."

बोंडलं

मान हलवली खरी, पण चिमी बाटली घेत नव्हती, चमचा घेत नव्हती. मार्थाबाईंनी ट्रंक उघडली आणि फडक्यात गुंडाळलेलं बोंडलं काढलं. चोच असलेली जुनी चांदीची वाटी, त्यांच्या मुलांना त्याने पाजलेलं. मी ते उकळून घेतलं.

शुक्रवारी वैशालीने दूध काढून ठेवलं, साबणाने तोंड-हात धुतले, वेगळी ओढणी घेतली आणि लेकीकडे लांबूनच बघून निघाली. दारात तिचे पाय अडले. मी म्हटलं, "जा." आणि दार लावलं.

पहिल्यांदा चिमीने सगळं दूध माझ्या अंगावर थुंकलं. दुसऱ्यांदा तोंड घट्ट मिटलं. तिचं रडणं गल्लीत ऐकू जात होतं. शेजारची बाई येऊन म्हणाली, "आईला बोलवा हो, लेकरू हाय, का छळता?" एरवी मी खाली मान घातली असती. मी म्हटलं, "तिची आई कामावर हाय. लेकरू पिईल." माझाच आवाज मला वेगळा वाटला. ती बाई निघून गेली.

मी चिमीला पायांवर घेतलं, जशी चोळायला घ्यायची तशी. तेल नाही, हळद नाही, नुसताच कोरडा हात फिरवत राहिले. ती जागा तिच्या ओळखीची. रडणं हुंदक्यांवर आलं. मग बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याला लावली आणि एक थेंब सोडला. तिने जीभ फिरवली. दुसरा थेंब. मार्थाबाई खुर्चीत डोळे मिटून ओठ हलवत होत्या, त्यांनी एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला. दुपारपर्यंत माझी कंबर आखडली, पण बोंडलं रिकामं झालं.

संध्याकाळी वैशाली आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "प्यायली?"

"प्यायली. तुझं?"

"धुकं गेलं. डोंगर दिसतायत. दाब चढवला, आणि शेवटी ते टोक बसत बसत सपाट झालं. लाडू मधोमध आला, आई." मग हळूच म्हणाली, "आता परत येतो का ते उद्या."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. उद्याही डब्याला हळदीचं बोट लागायला नको म्हणून त्या रात्रीही चिमी माझ्याजवळच झोपली.

शनिवार

शनिवारी मला घरी बसवेना. बोंडलं पिशवीत घातलं, चिमीला घेतलं आणि कडुनिंबाखाली ओट्यावर जाऊन बसले. मार्थाबाईही आल्या. खिडकीच्या काचेतून वैशालीची पाठ दिसत होती. ती स्क्रू किंचित उलटा फिरवायची, थांबायची, कॉम्प्युटरकडे बघायची. पुन्हा किंचित. दाब एकदम सोडला तर कण हलतो आणि हिऱ्यालाही धोका, म्हणून असं जपून. हाताने घट्ट करणं सोपं, सैल करायला धीर लागतो, हे मला बघताना कळलं.

चिमी बोंडल्याने प्यायली, निंबाच्या पानांकडे बघत झोपली, उठली. मार्थाबाईंनी आणलेले पेरू तसेच राहिले. एकदा सर बाहेर आले. मार्थाबाईंनी विचारलं, "आला का परत?"

"अजून नाही. जिथे गेला त्याच दाबाला तो परत येईल असं वाटलं होतं. तो दाब मागे पडला, तरी रेघ सपाटच आहे."

"मग?"

"मग बघू," सर म्हणाले आणि आत गेले. त्यांचं ते 'बघू' मला बरं वाटलं नाही.

ऊन कलायला लागलं. वैशालीने मागे वळून एकदाही बघितलं नाही. तिची पाठ ताठ होती. ती हलवायची तेवढी बोटं हलत होती. मी मनात म्हटलं, नाही आला तरी ती उद्या सकाळी उठेल आणि पुढचं काय ते करेल. पण यावा. मार्थाबाईंसारखं देवाला नीट सविस्तर सांगावं असं वाटलं, पण मला शब्द येईनात. मी एवढंच म्हटलं, सरकू दे.

मग आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर कॉम्प्युटरजवळ वाकले. वैशाली उठली, खिडकीशी आली. काचेवर बोट टेकवून तिने सपाट रेघ ओढली आणि त्या रेघेतून एक छोटं टोक वर काढलं. अगदी छोटं, मुंगीच्या वारुळाएवढं. तिचे ओठ हलले, "आला." मागून सर काहीतरी म्हणत होते. नंतर कळलं की ते म्हणत होते, उशिरा आला हेच तर लिहायला मिळालं, आता पुढच्या दाबांची मापं घे, उठतेस कशाला. आणि ती पुन्हा जाऊन बसली. शेवटचा स्क्रू सैल होईपर्यंत बसली. ते टोक वाढत वाढत पहिल्यासारखं झालं, मगच तिने डबा पुसून पेटीत ठेवला.

घरी आल्यावर चिमीने आईला बघून तोंड वेडंवाकडं केलं, जणू विचारत होती, कुठे होतीस. वैशाली पाय पसरून भिंतीला टेकून खालीच बसली. पोरीला दोन्ही हातांनी उचलून तिने छातीशी धरलं आणि तिच्या मानेत नाक खुपसलं.

"वास गेला गं हिचा," ती म्हणाली. "आई, हळद कुठं ठेवलीस?"

मी डबी आणि तेलाची वाटी घेऊन बसले. ही काही चोळायची वेळ नव्हती, दिवेलागण झाली होती. तरी चिमीला पायांवर घेतलं आणि डोक्यापासून सुरुवात केली. वैशालीने गाल पुढे केला. मी माझं पिवळं बोट तिच्या गालावरून फिरवलं. न्हाणीच्या दारातून मार्थाबाईंनी तो डागाळलेला टॉवेल आमच्याकडे टाकला.

"ह्यालाच पुसा," त्या म्हणाल्या. "दुसरा देणार न्हाई."